लेहला जायचंय ना, मग आधी श्रीनगर गाठ

प्रिय पोरी,

तुझा प्लॅन दोनदा वाचला. गाडी स्वतःची, सोबत आई, हाताशी 15 दिवस आणि महिना सप्टेंबरचा, सगळं छान जुळलंय. फक्त एकच बदल कर, मनालीकडून चढू नकोस, श्रीनगरकडून चढ आणि मनालीकडून उतर.

का ते सांगते. आपण सगळे किलोमीटर मोजतो, पण या रस्त्यावर मोजायची असते ती झोपायच्या जागेची उंची, कारण वर हवा विरळ आणि अंगाला तिची सवय हळूहळूच होते. मनाली साधारण 2,000 मीटरवर आणि तुझ्या प्लॅनप्रमाणे दुसऱ्याच रात्री तुम्ही सरचूला, 4,200 च्याही वर. आम्ही पहिल्या वेळी हेच केलं होतं गं, सरचूच्या तंबूत मी रात्रभर डोकं घट्ट बांधून बसले, ह्यांच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा ठरेना, बॅगेतली भाकरवडीची पाकिटं फुगून टम्म झालेली आणि बाहेर एवढं चांदणं पडलेलं, पण उठून बघायची ताकद नाही. तुझ्या आईवर ती वेळ नको.

श्रीनगरकडून कसं, पहिली रात्र सोनमर्गला, 2,700 च्या आसपास. सकाळी लवकर झोजिला घाट ओलांडायचा, द्रासच्या वॉर मेमोरियलला निवांत थांबायचं, समोरच कारगिल युद्धातला तोलोलिंग डोंगर दिसतो, तिथून घाईने निघवतच नाही. मग कारगिलला मुक्काम. ते पुन्हा खाली 2,700 लाच, त्यामुळे झोप नीट लागते. पुढे मुलबेखला रस्त्यालगतच कड्यात कोरलेला मैत्रेय बुद्ध आहे, आईला जवळ जाऊन बघू दे, मग फोटुला, 4,108 मीटर, या वाटेवरचा सगळ्यात उंच घाट, आणि रात्री लामायुरू. लोक हे 420 किलोमीटर दोन दिवसांत उरकतात, तू चार घे. लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसतं लोळायचं, बाजारातसुद्धा हळूहळू चालायचं.

परतीच्या वाटेवरचा तांगलांगला घाट 5,300 मीटरच्या वर आहे, पण तोवर अंगाला सवय झालेली असते, तेव्हा सरचूची तीच रात्र सुखाची जाते. सप्टेंबर सरत आला की तिथले तंबूवाले गाशा गुंडाळायला लागतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात घरून निघा. सरचूहून उजाडल्या उजाडल्या सुटायचं, कारण दुपारी ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोटाभर असलेलं नाल्याचं पाणी गुडघ्यापर्यंत चढतं. पाणी जास्त वाटलं तर थांब, एखादा ट्रक जाऊ दे, त्याची चाकं कुठून जातात ते बघ आणि मग पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता.

पेट्रोल लेहमध्ये फुल्ल कर आणि वर एक कॅन ठेव, मनालीच्या वाटेवरचा तांदीचा पंप लांब आहे. काश्मीर-लडाखात आपल्याकडचं प्रीपेड सिम चालत नाही, दोघींपैकी एकीचं तरी पोस्टपेड करून घ्या. आईच्या बीपीच्या गोळ्या आणि उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स, दोन्हींबद्दल डॉक्टरांशी आत्ताच बोल, स्वतःच्या मनाने काही देऊ नकोस. आणि वर कुठेही तिला सलग धाप लागली, बोलताना शब्द अडखळले, तर बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील, तशीच गाडी खाली घे.

तांगलांगला उतरल्यावर लागणाऱ्या मोरे मैदानात मात्र एकदा कडेला गाडी घेऊन इंजिन बंद कर आणि थर्मासमधला चहा काढ. सरचूच्या पुढे केलाँगला रेंज आली की लगेच फोन कर, मी वाट बघतेय.

तुझी मावशी