ताटाच्या कडेला ठेवलेला बलक

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

"अंड्याच्या बलकाबद्दलची चूक कळली होती, तर सल्ला बदलायला पन्नास वर्षं का लागली?" असं तू परवा चिडून विचारलंस. फोनवर घाईत दिलेलं उत्तर मलाच पटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

1968 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं, की आहारातलं कोलेस्टेरॉल दिवसाला 300 मिलिग्रॅमच्या आत ठेवा आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त अख्खी अंडी खाऊ नका. एका बलकात साधारण 186 मिलिग्रॅम असतं; दोन अंडी खाल्ली की मर्यादा संपली. रक्तातलं वाढलेलं कोलेस्टेरॉल हृदयाला घातक, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. पण ताटातलं सगळं काही रक्तात उतरत नाही. बाहेरून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत स्वतःचं उत्पादन कमी करतं. 1913 साली रशियात ज्या सशांच्या धमन्या कोलेस्टेरॉल खाऊ घालून बिघडल्या, ते ससेच होते, पाला खाणारे; त्यांच्या रोजच्या खाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच.

मग माघार कशी घेतली बघ. 2000 साली असोसिएशनच्या सल्ल्यातून अंड्यांचा आकडा गेला, 300 मिलिग्रॅम राहिले. अमेरिकी सरकारच्या 2015च्या आहारसूचनांतून 300ही गेले, पण "शक्य तितकं कमी खा" हे वाक्य मागे उरलं. निरोगी माणसाला रोज एक अंडं चालेल, असं असोसिएशनने स्पष्ट म्हटलं ते 2019च्या अखेरीस.

यात नुसता हट्ट नव्हता. अंड्याबरोबर लोणी आणि बेकनही पोटात जातं, मग दोष कुणाचा हे वेगळं काढणं खरंच अवघड. त्यात अंड्यांच्या बाजूने येणाऱ्या बऱ्याच अभ्यासांना अंडी-उद्योगाचाच पैसा, त्यामुळे खरं बोलणाऱ्यावरही संशय. शिवाय धास्ती अशी, की "अंडी चालतात" म्हटलं की लोक "काहीही चालतं" असं ऐकतील, आणि उद्या मिठाबद्दल सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल? ही धास्ती मला समजते. पण तिच्यापायी सल्ला गुपचूप पुसला गेला, "आमचं चुकलं" असं कुणी मोठ्याने म्हटलं नाही, याचा मला राग आहे. कारण गुपचूप पुसलेलं खालपर्यंत पोचतच नाही.

माझ्यापर्यंत पोचलं होतं, तरी मी पुढे नेलं नाही. 2017 साली वॉर्डात नाश्त्याच्या फेरीला एक काका बसले होते. शस्त्रक्रियेनंतर वजन फार उतरलेलं, कोलेस्टेरॉल अगदी बरं. उकडलेलं अंडं त्यांनी हलक्या हाताने फोडलं, बलक अख्खा उचलून ताटाच्या कडेला ठेवला आणि पांढरा भाग खाल्ला. मी विचारलं, तर फायलीतून घड्यांवर फाटलेला झेरॉक्स काढला. 2006चा आहारतक्ता. "पिवळा बलक वर्ज्य", खाली माझी सही. अकरा वर्षं पाळलं होतं त्यांनी.

मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं, "काका, हे मी लिहिलं होतं. आता तसं मानत नाहीत. तुम्ही बलक खा." ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त मीठ मागितलं.

मधुमेह किंवा घराण्यातच वाढलेलं कोलेस्टेरॉल असलेल्यांचा हिशेब वेगळा, तो माणूस बघून कर. पण तुझ्या ओपीडीच्या खणात जुन्या तक्त्यांचा गठ्ठा असेलच. तो सोमवारी बाहेर काढ. आणि जुना पेशंट परत आला की नवा तक्ता नुसता हातात देऊ नकोस. जुन्यातली कुठली ओळ आपण खोडली, ती बोट ठेवून दाखव.

तुझी,
मावशी