पीआरआरएसवर पीएचडीसाठी आयोवात येताना

तुझा प्रश्न असा: एमव्हीएससी (पशुवैद्यकातली मास्टर्स) झालंय, पीआरआरएसवर (डुकरांचं प्रजनन आणि श्वसन बिघडवणारा विषाणूजन्य आजार) पीएचडी करायला अमेरिकेत आयोवात येतेयस, ओआरएफ-५ चं (त्या विषाणूच्या एका जनुकाचं) सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरक्रम वाचणं, आणि त्यावरून विषाणूंच्या वंशवृक्षाचं झाड काढणं येतं, तेवढ्यावर भागेल का? नाही भागणार. मी तेवढ्याच शिदोरीवर इथे आले आणि पहिलं वर्ष चुका निस्तरण्यात गेलं.

हा विषाणू किती बदलतो ते आधी डोक्यात पक्कं बसव. युरोपातला लेलिस्टाड (टाइप-१) आणि अमेरिकेतला व्हीआर-२३३२ (टाइप-२) हे दोन विषाणू, आजार एकच, पण जीनोम (सगळी जनुकीय अक्षरं) जेमतेम ६० टक्के जुळतो. म्हणून आता त्या दोन वेगळ्या प्रजाती मानतात. मिझोराममध्ये २०१३ साली आलेला विषाणू टाइप-२, इथले बहुतेकही टाइप-२. तरी घराणी निराळी. मिझोरामचा चीनमधल्या २००६ च्या उग्र साथीच्या वळणाचा. एनएसपी-२ या प्रथिनातली ३० अमिनो आम्लांची गळती ही त्याची खूण. इथल्या एनएडीसी-३० सारख्या स्ट्रेनमध्ये (विषाणूच्या वाणांमध्ये) ती १३१ आम्लांची आहे.

इथले पशुवैद्य '१-७-४', '१-४-४' असे स्ट्रेनचे आकडे बोलतात. तीन एन्झाइम ओआरएफ-५ ला कुठे कापतात, त्यावरून ते पडले. जुनी सोय आहे, पण फसवी. आकडा एकच आणि विषाणू लांबचे, किंवा एका अक्षराच्या बदलाने सख्ख्या भावंडांचे आकडे वेगळे, असं सर्रास होतं. म्हणूनच २०२० मध्ये मिनेसोटात उसळलेल्या स्ट्रेनला 'एल१सी १-४-४' असं घराण्यासकट म्हणावं लागलं.

आणि ओआरएफ-५ म्हणजे जीनोमच्या सुमारे १५,००० अक्षरांतली ६००. दोन विषाणूंच्या जीनोमची सरमिसळ उरलेल्या भागात झाली असेल तर तुला दिसणारच नाही. डेन्मार्कमध्ये २०१९ साली दोन जिवंत लशींच्या विषाणूंची सरमिसळ होऊन नवा स्ट्रेन तयार झाला आणि वळूंच्या वीर्यातून कळपाकळपांत गेला. तेव्हा पूर्ण जीनोम जुळवायला शिकूनच ये.

त्यातही एक खड्डा आहे. इथे नमुना बऱ्याचदा दोरीने घेतात: गोठ्यात जाड सुती दोर टांगायचा, डुकरं वीसेक मिनिटं तो चघळतात, मग ओला शेंडा प्लास्टिकच्या पिशवीत पिळून लाळ काढायची. ही लाळ पंचवीस डुकरांची असते. त्यात दोन स्ट्रेन असले तर सॉफ्टवेअर दोघांचे तुकडे जोडून एकच जीनोम दाखवतं आणि आपल्याला वाटतं, नवा रिकॉम्बिनंट (सरमिसळीतून झालेला विषाणू) सापडला! माझा पहिला 'शोध' असाच होता. नंतर एकेका डुकराचं रक्त तपासलं, तेव्हा दोन साधे विषाणू निघाले. नुसत्या दोरीच्या नमुन्यावरून सरमिसळीचा दावा कधीच करू नकोस. कच्चे रीड्स (यंत्राने वाचलेले जीनोमचे सुटे तुकडे) उघडून दोन स्ट्रेनच्या सांध्याच्या जागी दोन्हीकडची अक्षरं एकाच रीडमध्ये आहेत का ते बघ.

बाकी किरकोळ. निघण्याआधी डुकरांच्या फार्मवर गेली असशील तर विमानतळावर स्पष्ट सांग आणि ते बूट सोबत आणू नकोस. इथे फार्मवर आत जाताना अंघोळ, बाहेर येताना अंघोळ, कपडे तिथलेच; एका फार्मवरून दुसरीकडे जायला मध्ये किती रात्री जाव्या लागतात ते आधी विचारून घे, कारण नमुन्यांचं वेळापत्रक त्यावरच बसवावं लागतं.