आधी मागणी तपास, मग कोड लिही

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

थकलेल्या बिलांची आठवण गिऱ्हाइकांना आपोआप पाठवणारं वेब ॲप काढायचं तुझ्या मनाने घेतलंय. लॉगिन, डॅशबोर्ड, मोबाइल आवृत्ती असा आराखडाही तयार आहे. तो तूर्त बाजूला ठेव. यासाठी कुणी पैसे मोजेल का, हे त्यातलं काहीही न बांधता कळतं.

ओळखीचे लोक "कल्पना छान आहे" म्हणतील, ते मन राखायला. "असं ॲप आलं तर वापराल का?" हा प्रश्नच सोडून दे. पाच-दहा व्यावसायिकांना असं विचार: शेवटचं बिल कधी थकलं, तेव्हा काय केलंत, किती वेळ गेला? ज्याने एक्सेलमध्ये तारखा रंगवून ठेवल्यात, तो तुझा माणूस. ज्याने काहीच केलेलं नाही, त्याचा त्रास बहुधा पैसे देण्याइतका मोठा नाही.

मग एकच पान बनव. कुणासाठी, काय काम करतं ही एक ओळ, स्क्रीनचं एक चित्र, महिन्याची किंमत आणि एकच बटण. किंमत लपवू नकोस. जोएल गॅस्कॉइनने 2010 मध्ये बफर हे सोशल मीडियावरच्या पोस्ट ठरल्या वेळी टाकणारं ॲप बांधण्याआधी नुसती दोन पानं टाकली होती: एक माहितीचं, दुसरं 'अजून तयार नाही, ईमेल द्या' असं सांगणारं. ईमेल आले, तेव्हा त्याने मधे दरांचं पान घातलं. लोक सशुल्क योजनाही निवडतात हे दिसल्यावर तो कामाला लागला. फुकट ईमेल देणं आणि दर बघूनही पुढे जाणं यांत फार अंतर आहे. बटण दाबल्यावर मात्र ॲप तयार नसल्याचं स्पष्ट सांग. आगाऊ पैसे घेतलेस तर तारीख दे, आणि ती चुकली तर परतावा दे.

पानावर माणसं आणायला सर्चवरची जाहिरात बरी, कारण तिथे माणूस अडचण घेऊनच येतो. जाहिरात इतर साइटवरही दाखवण्याचा पर्याय सुरुवातीलाच चालू असू शकतो, तो बंद कर. नाहीतर चुकून पडलेल्या क्लिकांवर पैसे जातील. प्रत्येक स्रोताच्या दुव्याला वेगळा यूटीएम टॅग, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, लाव, स्वतःच्या भेटी वगळ. आणि फोनवर फॉर्म चालत नसेल तर आकडे मागणी नसल्यासारखेच दिसतात.

आकड्यांबाबत घाई नको. पानावर आलेल्या 100 जणांत 4 नोंदणी झाल्या तर नोंदणीचा खरा दर दीड ते दहा टक्के यांत कुठेही असू शकतो. 400 मध्ये 16 असतील तर साधारण अडीच ते साडेसहा. शंभरात एकही नाही, तरी खरा दर तीन टक्क्यांपर्यंत असू शकतो. म्हणून पुढे जायचं की थांबायचं, तो आकडा चाचणीआधीच लिहून ठेव. तो खर्चावरून काढ: क्लिक करणाऱ्यांपैकी दोन टक्के पैसे देत असतील तर एक गिऱ्हाईक 50 क्लिकच्या खर्चात पडतं. सोडून जाईपर्यंत त्याच्याकडून त्याहून बरंच जास्त मिळायला हवं.

पैसे द्यायला तयार झालेल्या तीन-चार जणांचं काम महिनाभर हाताने करून दे. त्यांची बिलं शीटमध्ये घे, आठवणीचे ईमेल स्वतः पाठव. हा टप्पा टाळावासा वाटेल, पण मला सगळ्यात मोलाचा हाच वाटतो. समज, एखाद्याने अर्धी रक्कम भरली, शीटमध्ये ती चढली नाही आणि त्याला पूर्ण रकमेचा तगादा गेला. अशी एक आठवण गेली की तुझं गिऱ्हाईक ॲप बंद करेल. म्हणजे देखण्या डॅशबोर्डपेक्षा जमा रक्कम वेळेवर नोंदवण्याची सोय आधी हवी. ईमेल कुणाच्या पत्त्यावरून जावा, कितव्या दिवशी, किती कडक भाषेत, हेही इथेच समजेल. महिना संपल्यावर दुसऱ्या महिन्याचे पैसे माग. जो देतो, त्याच्यासाठी बांधायला घे. कुणीच देत नसेल तर का, ते प्रत्येकाला फोन करून विचार.

पान तयार झालं की जाहिरात सुरू करण्याआधी दुवा पाठव. फॉर्म माझ्या फोनवरून भरून बघतो.

तुझा हितचिंतक