ताई, पोरगं चालंल का?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडणं) असलेल्या मुलाच्या घरी गेलं, की चहाचं आधण ठेवायच्या आतच हा प्रश्न येतो. विचारते बहुधा आई. दसरा तोंडावर आला असेल तर त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो: तोडीला जाताना याला ठेवायचं कुठं?

अशाच एका घराबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगा 5 वर्षांचा. जन्मल्यावर उशिरा रडला, पेटीत ठेवावं लागलं. दोन्ही पाय ताठ, उभं धरलं की एकमेकांवर चढायचे. बसवलं की कलंडायचा. शब्द एकही नव्हता, पण बापाच्या मोटारसायकलचा आवाज लांबून ओळखून हसायचा. मालिशवाला, देवऋषी, ‘नसा मोकळ्या करणारी’ इंजेक्शनं, सगळं करून झालं होतं. मुकादमाकडून, म्हणजे तोडीच्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेल्या उचलीतला मोठा वाटा त्यातच गेला होता आणि ती उचल फेडायला पुढचा हंगाम आधीच बांधला गेला होता.

फिजिओथेरपिस्टनं त्याला तपासलं होतं. त्यांचं म्हणणं मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. पायांत दोष नाही. पायांना हुकूम देणारा मेंदूचा भाग जन्माच्या वेळी दुखावला. ती इजा वाढत जाणारी नाही, पण कुठल्याही औषधानं पुसलीही जात नाही. दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसायला लागलेली मुलं बहुतेक करून चालतात. चार वर्षं उलटूनही बसता येत नसेल, तर एकट्यानं चालायची शक्यता फार थोडी राहते.

आई रडली. बाप उठून अंगणात गेला. आजी मात्र जागची हलली नाही. म्हणाली, “मग आता काहीच नाही करायचं का, बाई?”

माझ्या अनुभवात खरं काम इथून सुरू होतं. ‘बघू, होईल सुधारणा’ असं गुळमुळीत बोलून आई-बापाला बरं वाटतं, पण ती आशा पुढच्या मालिशवाल्याच्या खिशात जाते. असं बोलणाऱ्यांचा मला राग येतो.

पहिली गोष्ट जेवणाची काढली. आई त्याला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून पातळ वरण पाजायची. तो ठसकायचा, आणि सारखा छातीत कफ. अन्न श्वासनळीत जात होतं. मग पद्धत बदलली: पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास घट्टसर कालवलेला, चमचा छोटा, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. गावातल्या सुताराकडून कोपऱ्याची खुर्ची करून घेतली: भिंतीच्या कोपऱ्यासारखी पाठ, मांड्यांच्या मध्ये ठोकळा म्हणजे पाय चढत नाहीत, कमरेला पट्टा, पुढे फळी. मापं फिजिओथेरपिस्टनं दिली, लाकूड घरातल्या जुन्या दाराचं निघालं.

हे सगळं मी आजीच्या हातून करून घेतलं, आई शेजारी बसून बघत होती. व्यायामाचे कागद, सूचना, प्रशिक्षण, सगळं आईला उद्देशून असतं. ऊसतोडीच्या गावात मात्र जवळपास निम्मं वर्ष लेकरू आजीच्या हातात असतं. तिला कुणी काही शिकवत नाही. ती ज्या हातांनी आपली लेकरं वाढवली त्याच पद्धतीनं याला वाढवते, आणि लेकरू आजारी पडलं की दोष तिच्या माथी.

आईचं दुखणं वेगळं होतं. “लेकराला टाकून जाते, मी कसली आई?” मी तिला ‘जाऊ नको’ म्हटलं नाही. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती थांबली तर नवऱ्याचाही कोयता मोडतो, उचल मात्र अंगावर राहते. बरोबर न्यावं तर खोपीतली थंडी, पहाटेच्या अंधारात फड, आणि लेकरू बांधावर चादरीत. त्याचं फिटचं औषध तिच्या कोयत्याच्या कमाईवरच येतं, हे मी सासूसमोर आणि नवऱ्यासमोर म्हटलं. ते त्या दोघांनी ऐकणं गरजेचं होतं. औषध एक दिवसही बंद करायचं नाही, संपायच्या आठ दिवस आधी आणायचं, ही जबाबदारी चुलत्यानं घेतली.

मग कागद. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हातात आलं की पुढची दारं उघडतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, 1 लाख रुपयांपर्यंतची, थेरपीचा खर्चही तीत येतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावा लागतो. तो मागायचा असतो, लेखी.

शाळेचं सोपं नव्हतं. “पडलं-बिडलं तर जबाबदार कोण?” हा प्रश्न आलाच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशा मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. घरी येऊन शिकवणारे विशेष शिक्षकही मिळू शकतात. तरी माझं मत स्पष्ट आहे: ज्याला उचलून शाळेत नेता येतं, त्यानं घरात राहू नये. सहावं लागल्यावर त्याचं नाव घातलं, खुर्ची वर्गात गेली. सध्या आठवड्यातले तीन दिवस, मधल्या सुट्टीपर्यंत.

‘हो’साठी तो आता जीभ बाहेर काढतो, ‘नको’साठी मान वळवतो. आजीनंच हे पहिल्यांदा हेरलं. चालत नाही. यंदा कारखाने सुरू व्हायच्या आधी खुब्याचा एक्स-रे काढायचा आहे. इतक्या ताठ पायांच्या मुलांचा खुबा हळूहळू निखळू शकतो, आणि तो दुखायला लागला की बसणंही जातं. त्यासाठी बापानं मुकादमाकडून दोन दिवस मागून घेतले आहेत.