साहेबांच्या चुका किती दिवस झाकायच्या?

‘साहेब खचलेत. त्यांचं काम मी उचलतोय, चुकाही झाकतोय. कुणाला सांगितलं तर बेइमानी होईल ना?’ नेरूळ, बेलापूर, खारघर या पट्ट्यात जहाजावर जाणारी माणसं बरीच राहतात, त्यामुळे हा प्रश्न समुपदेशनात वेगवेगळ्या रूपांत येतो. इथे सांगतो आहोत तो खारघरच्या एका चीफ ऑफिसरचा, म्हणजे जहाजावर कॅप्टनच्या खालोखाल असलेल्या अधिकाऱ्याचा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आधी आली त्यांची बायको. सुट्टीवर असूनही नवरा पहाटे साडेतीनला उठून बसतो, मुलांवर चिडतो, आणि ठाण्याहून कॅप्टनसाहेबांचा फोन आला की जेवणाच्या ताटावरून उठतो. पहाटेच्या जागेपणाचं तिने फार मनावर घेऊ नये. चीफ ऑफिसरचं वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, बहुतेक जहाजांवर चार ते आठ असते. शरीराला ती वेळ पाठ होते आणि घरी आल्यावर हळूहळू सुटते. फोनचं मात्र तसं नव्हतं.

या कॅप्टनसाहेबांच्या हाताखाली तो थर्ड ऑफिसर असल्यापासून शिकला होता. वर्षभरापूर्वी त्यांची पत्नी गेली. त्यानंतरच्या फेरीत साहेब दुपारपर्यंत केबिनबाहेर येत नव्हते, ऑफिसच्या मेल तशाच पडून राहत. हा मग मेल लिहायचा, नाइट ऑर्डर्स, म्हणजे रात्रीच्या वॉचसाठी कॅप्टनने वहीत लिहायच्या सूचना, त्याही स्वतःच लिहून फक्त सही घ्यायचा. स्वतःची झोप चार-पाच तासांवर आली, तरी विश्रांतीच्या तक्त्यात तास पूर्ण दाखवायचा. नियम असा की २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती हवी. ते १० तास दोनपेक्षा जास्त तुकड्यांत मोडायचे नाहीत आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा असावा. खोटा तक्ता बंदरातल्या तपासणीत सापडला, तर साहेब आणि तो, दोघंही अडचणीत.

त्याला एका कागदावर दोन रकाने करायला सांगितलं. डावीकडे कॅप्टन सोपवू शकतो ती कामं: मेलचे मसुदे, सामानाची मागणी, खलाशांचे अहवाल. उजवीकडे जी परस्पर उचलता येत नाहीत ती. नाइट ऑर्डर्स त्याने आधी डावीकडे लिहिल्या. मग त्याला विचारलं, रात्री बारा ते चार वॉचवर उभा असलेला सेकंड ऑफिसर ती वही वाचून काय समजतो? आजचं हवामान, आजूबाजूची जहाजं, कुठल्या वेळी साहेबांना उठवायचं, हे सगळं साहेबांनी स्वतः पाहिलंय, असंच ना? तो विश्वासच पोकळ होता. धोका साहेबांच्या थकव्यापेक्षा त्या झाकण्यात जास्त होता, कारण थकवा दिसला असता तर बाकीचे सावध राहिले असते. ती ओळ त्याने स्वतःच खोडून उजवीकडे नेली.

निष्ठेचा प्रश्न तरीही उरला. तिथे ‘बीगल’ या ब्रिटिश नौदलाच्या सर्वेक्षण जहाजाची हकिकत उपयोगी पडते. १८३४ साली चिलीतल्या वॉलपरायझो बंदरात कॅप्टन फिट्झरॉय पूर्ण खचला होता. सर्वेक्षणासाठी स्वखर्चाने घेतलेल्या दुसऱ्या जहाजाचे पैसे द्यायला नौदलाने नकार दिला होता. याच ‘बीगल’च्या आधीच्या कॅप्टनने १८२८ मध्ये आत्महत्या केली होती, आणि आपलंही मन ढळेल ही भीती फिट्झरॉयला होती. त्याने राजीनामा दिला. जहाज त्याच्या फर्स्ट लेफ्टनंटकडे, विकहॅमकडे जाणार होतं. विकहॅमने ‘तुम्ही ठीक आहात’ असं खोटं सांगितलं नाही, की जहाजही घेतलं नाही. नौदलाच्या हुकुमाचा कागद पुढे ठेवून त्याने विचारलं, राजीनाम्याने साधणार काय? दक्षिणेकडचं उरलेलं सर्वेक्षण पुन्हा करायचं बंधन तुमच्यावर नाही. पश्चिम किनारा करून पॅसिफिकमार्गे घरी जाऊ. फिट्झरॉयने राजीनामा मागे घेतला. पुढच्या वर्षी जहाज गॅलापागोसला पोचलं, डार्विनसह. विकहॅमला ‘बीगल’ मिळालंच, १८३७ मध्ये, रीतसर.

आपल्या चीफ ऑफिसरची जमेची बाजू ही की दोघंही सुट्टीवर होते. असं बोलणं जहाजावर करावं लागलं तर केबिनमध्ये, दार लावून. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, कधीच नाही आणि बंदरात शिरण्याच्या दिवशी तर नाहीच. इथे ठाण्याला साहेबांच्या घरी जाऊन बोलायचं ठरलं, अर्ध्या तासात आटोपेल इतकंच. सराव करताना त्याने सुरुवात केली, ‘सर, सगळे म्हणतात की...’ इथेच बोलणं फिसकटतं. ‘सगळे म्हणजे कोण?’ असा प्रश्न येतो आणि मूळ विषय बाजूला राहतो. ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ हेही त्याने म्हणायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. तीन वाक्यं पक्की केली: ‘सर, मागच्या फेरीत नाइट ऑर्डर्स मी लिहीत होतो. पुढच्या फेरीत मी ते करणार नाही, तक्तेही खरे भरणार. जॉइन होण्याआधी तुम्ही डॉक्टरांना भेटावं, मी सोबत येतो.’

आणखी एक गोष्ट त्याला स्पष्ट विचारायला सांगितली: ‘सर, जगणं नको असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडायचं नाही, घरच्यांना त्याच वेळी सांगायचं, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावायचा. तिथे गुपित पाळायचं नसतं. समुद्रात असताना सुरक्षिततेचा प्रश्न असेल आणि साहेब ऐकत नसतील, तर कंपनीने किनाऱ्यावर सुरक्षिततेसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, म्हणजे डीपीएला, थेट कळवण्याची सोय आयएसएम कोड या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतच आहे.

साहेब आधी भडकले. ‘तुला मी शिकवलं,’ म्हणाले. यावर वाद घालायचा नाही हे ठरलेलं होतं. ‘हो सर, तुम्हीच शिकवलंत,’ म्हणून तो गप्प बसला. जगणं नको झालं नव्हतं, पण रात्री झोप लागत नव्हती, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. काही आठवड्यांनी ते मुलीबरोबर डॉक्टरांकडे गेले आणि कंपनीकडून जॉइनिंग पुढे ढकलून घेतलं. चीफ ऑफिसर दुसऱ्या कॅप्टनबरोबर साइन ऑन झाला.

मधले काही आठवडे मात्र ठाण्याहून फोन येणं बंद होतं आणि त्याचा हात सारखा मोबाइलकडे जायचा. अशा वेळी माफीचा मेसेज पाठवू नये, कारण तसं केलं की बोललेलं सगळं मागे घेतल्यासारखं होतं. ‘सर, तब्येत कशी आहे?’ एवढंच, आठवड्यातून एकदा.