क्लिनिक जरूर काढा, पण शॉकवेव्हचं कर्ज आत्ता नको

प्रश्न : मी ३३ वर्षांची फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यातल्या एका रुग्णालयात ४ वर्षं ४ महिने नोकरी झाली, हातात ४५ हजार येतात. कर्वेनगरला ५५० चौरस फुटांचा गाळा पाहिलाय. भाडं ३२ हजार, डिपॉझिट ६ महिन्यांचं. मशीनचं कोटेशन ९ लाखांचं आहे, त्यातले ५ लाख एकट्या शॉकवेव्हचे (दुखऱ्या जागी दाबलहरी सोडणारं मशीन). बँक १३ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी कर्ज देतेय. एफडी ७ लाखांची. घरखर्चात माझा वाटा ४० हजारांचा. पुढच्या महिन्यात राजीनामा देऊ का?

उत्तर : क्लिनिक काढा. पण पुढच्या महिन्यात नको, आणि एवढं मोठं तर नकोच.

आधी गाळ्याचं बघू. मालक जीएसटी भरणारा असेल, तर भाड्यावर १८ टक्के लागतात आणि ३२ हजारांचे ३७,७६० होतात. फिजिओथेरपी आरोग्यसेवा म्हणून करमुक्त आहे, त्यामुळे हा कर तुम्हाला कुठेच वळता करून घेता येत नाही. मेंटेनन्स आणि वीज ७ हजार, रिसेप्शनिस्ट १३ हजार, असिस्टंट फिजिओ २२ हजार, किरकोळ ५ हजार आणि ९ लाखांचा हप्ता २०,४७८ धरला, तर महिना १,०५,२३८ रुपये रुग्ण येवो न येवो जाणार. त्यात घराचे ४० हजार मिळवा. ४५० रुपयांच्या सेशनने हे भागवायला महिन्याला ३२३ सेशन लागतात. २५ दिवस धरले तर रोज १३. डिपॉझिटचे १ लाख ९२ हजार आणि फर्निचर-रंगकामाचे पावणेदोन लाख गेल्यावर एफडीत जे उरेल, ते घरात एक रुपया न देता जेमतेम ३ महिने पुरेल. नव्या क्लिनिकला जम बसायला त्याहून जास्त वेळ लागतो.

रोज १३ जमतील असं वाटेल, पण घड्याळाकडे बघा. नोकरदार सकाळी ७ ते ९ किंवा संध्याकाळी ६ ते ९ मागतात, ज्येष्ठ मंडळी १० ते १२ मध्ये येतात. पुणेकरांच्या १ ते ४ ची थट्टा सगळेच करतात, पण फिजिओकडे ते तास खरोखरच रिकामे जातात. हे तास होम व्हिजिटला द्या : पक्षाघात, गुडघा बदललेले रुग्ण. मात्र पत्ते एकाच भागातले घ्या. कर्वेनगरहून हडपसरला एक व्हिजिट म्हणजे अख्खी दुपार गेली.

आता खरा मुद्दा. या धंद्यात पैसा मशीनअभावी अडत नाही. रुग्ण मधेच सोडून जातो तिथे अडतो. तिसऱ्या-चौथ्या सेशनला दुखणं निम्म्यावर आलं की माणूस गायब होतो. एका रुग्णाची सरासरी ६ सेशन झाली, तर ३२३ साठी महिन्याला ५४ नवे रुग्ण हवेत. सरासरी ८ वर नेली तर ४१ पुरतात. हा १३ नव्या रुग्णांचा फरक भरून काढायला जाहिरात लागत नाही. पहिल्याच दिवशी किती सेशन, कशासाठी आणि कोणत्या टप्प्याला तपासणी हे कागदावर लिहून द्या, निघताना पुढची वेळ ठरवा, आणि न आलेल्याला त्याच दिवशी फोन करा. बहुतेक मेडिक्लेममध्ये ओपीडीतली फिजिओथेरपी बसत नाही, पैसे रुग्णाच्या खिशातूनच येतात. म्हणून दर आणि सेशनची संख्या आधीच स्पष्ट सांगा. पॅकेजचे आगाऊ पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि सेशन होईल तसे काढा. आलेला ॲडव्हान्स भाड्यात गेला आणि रुग्णाने परतावा मागितला, की पंचाईत होते.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांना कट देऊ नका. तो घेणं त्यांनाही नियमाने मना आहे, आणि ४५० तले ३० टक्के गेले तर तुमच्याकडे ३१५ उरतात. त्यापेक्षा पाठवलेल्या रुग्णाचा गुडघा किती अंश वाकतोय याची चार ओळींची नोंद दर पंधरवड्याला पाठवा.

५ लाखांच्या शॉकवेव्हचा हप्ता ११,३७७. सेशनमागे ५०० रुपये जादा घेतलेत तरी महिन्याला २३ शॉकवेव्ह सेशन फक्त बँकेसाठी. शिवाय हँडपीसचं, म्हणजे लहरी सोडणाऱ्या हातातल्या भागाचं, आयुष्य ठरावीक शॉट्सचं असतं; तो बदलायला किती लागतात, हे विक्रेता आपणहून सांगत नाही. सुरुवातीला २ कॉट, आयएफटी-टेन्स-अल्ट्रासाउंडचं कॉम्बो (विजेचे सौम्य झटके आणि ध्वनिलहरी देणारं एकत्र मशीन), ट्रॅक्शन (मान-कंबर ताणणारं), वजनं, थेराबँड (व्यायामाचे रबरी पट्टे) एवढं दीड-दोन लाखांत बसवा. शॉकवेव्हची गरज असलेला रुग्ण तूर्त दुसरीकडे पाठवा आणि अशांची वही ठेवा. महिन्याला २०-२५ नावं पडू लागली, की कर्जाचं बोलू.

राजीनाम्याची घाई आणखी एका कारणाने नको. ५ वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते. मूळ पगार २१ हजार असेल तर साधारण ६० हजार. पीएफ काढायची वेळ आलीच, तर ५ वर्षांनंतर तो करमुक्त असतो. म्हणजे ८ महिने थांबा. नोकरीच्या करारात बाहेर प्रॅक्टिसला मनाई नाही ना, हे वाचून एखाद्या पॉलिक्लिनिकमध्ये संध्याकाळची खोली तासावर घ्या. सलग ३ महिने महिन्याला १०० सेशन झाली, की लहान गाळा बघा. १८ हजार भाडं, ४ हजार वीज-मेंटेनन्स, ९ हजारांची अर्धवेळ मदतनीस, ३ हजार किरकोळ असे ३४ हजार. घराच्या वाट्यासह ७४ हजार, म्हणजे १६५ सेशन, रोज ७ च्या आत. करारात लॉक-इन (गाळा सोडता न येण्याची मुदत) तुमच्यावर ६ महिन्यांपेक्षा जास्त नसावं, आणि तो नोंदवूनच घ्या.

एफडीतले ४ लाख या सगळ्यापासून बाजूला ठेवा. नोकरी सुटली की कंपनीचा मेडिक्लेमही सुटतो, तेव्हा स्वतःची पॉलिसी राजीनाम्याआधी घ्या, म्हणजे आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ नोकरीतच सुरू होईल. जोडीला तात्पुरत्या अपंगत्वातही पैसे देणारं अपघाती कव्हर असू द्या. मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये गेलं, तरी गाळ्याचं भाडं थांबत नाही.