लिनक्स बसवले आणि वायफाय गेले : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१४ साली घेतलेला आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या यंत्रावर चालत नाही, म्हणून मुलीने त्यावर लिनक्स मिंट ही दुसरी संगणक प्रणाली बसवून दिली. बाकी सर्व उत्तम आहे, परंतु वायफायचे चिन्हच दिसत नाही. सेटिंगमध्ये फक्त केबलच्या जोडणीचा पर्याय येतो. दुरुस्तीच्या दुकानात ‘कार्ड गेले आहे, बदलावे लागेल’ असे सांगितले. विंडोज काढेपर्यंत तर तेच कार्ड व्यवस्थित चालत होते. आता काय करावे?
— एक निवृत्त शिक्षिका, संगमनेर

उत्तर : कार्ड बदलण्याची घाई कृपया करू नका. तोवर चालणारे कार्ड नेमके लिनक्स बसवण्याच्या दिवशीच बिघडावे, असे क्वचितच घडते. कार्ड शाबूत आहे आणि ते चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे त्यासाठीचे सॉफ्टवेअर, नव्या प्रणालीत नाही, हीच शक्यता कितीतरी अधिक आहे. आणि ती तपासण्यासाठी लॅपटॉप उघडावाही लागत नाही.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, उघडून ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा लिहावी, एक जागा सोडून वजाचे चिन्ह व त्याला चिकटून ‘एनएनके’ ही अक्षरे द्यावीत आणि एंटर दाबावे. सगळी अक्षरे रोमन आणि लहान लिपीतील हवीत. यंत्रात बसवलेल्या भागांची लांबलचक यादी समोर येईल. तीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ ही नोंद सापडली, तर कार्ड संगणकाला दिसत आहे असे खुशाल समजावे. ‘इथरनेट कंट्रोलर’ ही नोंद मात्र केबलच्या जोडणीची असते, तिच्याशी गल्लत होऊ देऊ नये. आता वायफायच्या नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आहे का ते पाहावे. ती ओळ नसेल, तर कार्ड आहे पण त्याचा ताबा कोणत्याही ड्रायव्हरने घेतलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या काळातील बऱ्याच लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचे बीसीएम ४३१४२ हे कार्ड असे, आणि यादीत ते चौकटी कंसातील १४ई४:४३६५ या क्रमांकावरून ओळखता येते. बहुतेक वायफाय कार्डांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, असतात, त्यामुळे ती आपोआप चालू होतात. या कार्डाला मात्र कर्नलमधील खुले ड्रायव्हर लागू पडत नाहीत आणि ‘डब्ल्यूएल’ नावाचा कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. तो इंटरनेटवरून घ्यायचा, तर आधी इंटरनेट हवे, ही अडचण अँड्रॉइड फोनने सुटते. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडावा आणि फोनच्या हॉटस्पॉट विभागात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लिनक्स त्याला केबलची जोडणी मानते आणि इंटरनेट सुरू होते. केबल फक्त चार्जिंगची असेल, तर हा पर्यायच उमटणार नाही. त्यानंतर मिंटच्या मेनूतील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडावा, ब्रॉडकॉमच्या नावापुढील ड्रायव्हर निवडून तो बसवावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

पुढच्या टप्प्यावर अनेकजण अडकतात, म्हणून तो सविस्तर सांगतो. लॅपटॉपमध्ये ‘सिक्युअर बूट’ ही संगणक सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी चालू असेल, तर ओळखीची डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. अशा वेळी ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि संगणक पुन्हा सुरू होताना निळ्या पार्श्वभूमीचा एक पडदा येतो. काहीतरी बिघडले असे वाटून बहुतेकजण तिथे थेट पुढे जातात, पडदा निघून जातो आणि ड्रायव्हर बसूनही वायफाय येत नाही. त्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडावे, मग ‘कंटिन्यू’ आणि ‘यस’ म्हणावे, ठरवलेला पासवर्ड द्यावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. सिक्युअर बूट कायमचे बंद करून टाका, असा सल्लाही तुम्हाला मिळेल. त्याने काम होते हे खरे, परंतु जे संरक्षण दोन मिनिटांच्या कामाने टिकवता येते, ते सोडून द्यावे असे मला वाटत नाही.

पुढे कधी अपडेटनंतर वायफाय पुन्हा नाहीसे झाले, तरी घाबरू नये. हा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी त्या कर्नलचे ‘हेडर्स’ हे पॅकेज लागते. ते बसवेपर्यंत, संगणक सुरू होतानाच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडला की वायफाय मिळते.

यादीत ड्रायव्हरची ओळ असूनही वायफाय बंदच असेल, तर ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘यस’ दिसल्यास ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ ही आज्ञा पुरते. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘यस’ असल्यास लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा विमानाचे चित्र असलेली कळ तपासावी.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स आहे. वायफाय जोडले जाते, पण थोडा वेळ काही केले नाही की इंटरनेट अडकते. बंद करून पुन्हा जोडले की चालते. त्याच राउटरवर फोन नीट चालतो. दोष कुठे असावा?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : काम थांबले की जोडणी अडकते, या तुमच्या निरीक्षणावरून पहिला संशय वीजबचतीवर जातो. बॅटरी वाचवण्यासाठी कार्ड मधूनमधून झोपवले जाते आणि काही कार्डे त्यातून वेळेवर जागी होत नाहीत. खात्रीसाठी इंटरनेट अडकलेले असतानाच ‘पिंग’ या आज्ञेने राउटरचा पत्ता तपासावा. अनेक घरी तो १९२.१६८.१.१ असतो. राउटरच उत्तर देत नसेल, तर अडचण लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्येच आहे. राउटर उत्तर देतो पण संकेतस्थळे उघडत नाहीत, असे असेल तर वीजबचतीला हात लावू नये आणि डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची, सेटिंग पाहावी.

वीजबचत बंद करण्यासाठी ‘ईटीसी’ या फोल्डरातील ‘नेटवर्कमॅनेजर’मध्ये ‘कॉन्फ.डी’ हे फोल्डर उघडावे. तेथील, नावात ‘वायफाय-पॉवरसेव्ह’ असलेली फाइल प्रशासकाच्या अधिकाराने उघडून तीतील ३ हा आकडा २ करावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. बॅटरी किंचित लवकर संपेल. तेवढ्याने जोडणी स्थिर झाली नाही, तर आकडा पुन्हा ३ करून ठेवावा आणि कार्डाचा क्रमांक आम्हाला कळवावा.